बादलला दिलेला अग्नी

सिनेमा संगीतानं लावला, म्हणजे माझ्या बायकोनं. हिंदीत केलेला कुठल्या तरी देशाचा. लढाई संपल्यावर एक माणूस आपला भाऊ रणात कसा मेला ते शोधत फिरतो. शेवटी कबर उकरतात, डॉक्टर हाडं पाहून सांगतो, गोळी पाठीतून शिरली. म्हणजे आपल्याच माणसाची! सिनेमावाल्यांचं बरं असतं, उकरलं की निघालं.

याडी, म्हणजे माझी आई मोतीबाई, एरवी टीव्हीसमोर पेंगते. त्या दिवशी तिची पापणी लवली नाही. माझा मोठा भाऊ बादल सीमेवरच्या लढाईत गेला, त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली. पेटी तांड्यावर आली ती बंद. उघडू नका म्हणाले. सोबत आलेल्या एका जवानानं याडीचे पाय धरले, "माफ कर दो, माँ," एवढंच बोलला आणि रडत गाडीत जाऊन बसला. माफी कशाची? तांड्यात कोणी म्हणे चोराच्या मनात चांदणं, कोणी म्हणे बिचारा सोबती गेला म्हणून रडला. पुढे मी जिथे जिथे विचारलं तिथे एकच उत्तर मिळालं, शत्रूची गोळी. असेलही. पण याडीला तो जवान विसरता येत नाही, आणि मलाही.

सिनेमा संपला तशी ती उठली.

"इंद्रजीत, आपल्या बादलची बी अशी पाहणी होते का रे?"

"आता कशी होईन, याडी?"

"काहून? हाडं तर राह्यतेच ना जमिनीत!"

संगीता माझ्याकडे पाहू लागली. मी टीव्ही बंद केला.

आमच्यात लग्न झालेल्याला जाळतात, बिनलग्नाच्याला पुरतात. बादलचं लग्न झालं नव्हतं. आर्णीकडच्या नलूशी सगाई झाली होती, गूळ खाल्ला होता, तेवढंच. म्हणून तांड्याच्या नायकानं, धावजीनं, रीतीप्रमाणे खड्डा खणायला लावला. अर्धा खणल्यावर याडी त्यात उतरून बसली.

"माह्या लेकाले लेकरासारखं पुरू नका! सगाई झाली म्हंजे लग्नच झालं. पुऱ्या माणसाचा अग्नी द्या त्याले!"

तिनं कुणाचं म्हणजे कुणाचं ऐकलं नाही. शेवटी नायक नमला. अग्नी मीच दिला, पेटीसकट.

सिनेमाच्या भरात ती हे विसरली होती. मेलो असतो तरी मी आठवण करून दिली नसती. पण तिचं तिलाच आठवलं. ती भिंतीला धरून खाली बसली.

"नायक बरोबर सांगत होता रे. मीच जाळलं."

"तू मान दिला त्याले, याडी."

"मानाले काय करू? छातीत लागली का पाठीत, एवढंच पाह्यचं होतं मले."

मला भयंकर राग आला. पण काढायचा कुणावर?

तिनं माझा हात धरला. "राख तूच भरली ना? नदीत सोडाच्या आधी हाताले गोळीसारखं काही कडक लागलं होतं का?"

"लागलं ना," मी म्हणालो. "बादलच लागला."