सहा काड्यांचा हप्ता

नवऱ्याने गोड बोलून हात्सुएच्या सहीने कर्ज काढलं आणि पैसे घेऊन तो ओसाकातून पसार झाला. मागे उरलं ते तिचं तळणाचं दुकान, आणि त्यावर डोळा ठेवून बसलेला सावकार. पाच वर्षं तिने दमडी दिली नाही. आता वकीलबाईंनी सांगितलं होतं, "मुदत उलटली, कर्ज मेलं. पण त्यापोटी दहा येन जरी दिलेस ना, तर ते उठून बसेल आणि दुकान गिळेल."

आणि आज भर दुपारी सावकाराचा वसुलीवाला इवाकिरी येऊन बसला. पण मेला कर्जाचं अक्षर काढेना! मांस, कमळकाकडी, लावीची अंडी, ती काडीला टोचून जे तळेल ते सॉसमध्ये बुडवून खात होता. रिकाम्या काड्या डब्यात टाकून उठला.

"वहिनी, हाताला चव आहे हो तुमच्या. किती झाले?"

"असू द्या, राहू द्या," हात्सुए बोलून गेली. अशा माणसांना घाबरून फुकट खाऊ घालायची जुनीच खोड.

इवाकिरी हसला. खिशातून पावतीपुस्तक काढून त्याने कागद फाडला. "सहा काड्या, सातशे वीस येन. कर्जखाती जमा. घ्या पावती."

हात्सुएच्या डोक्यात तिडीक गेली. हा जेवायला आलाच नव्हता, मेलेलं कर्ज उठवायला आला होता! तिने गॅस बंद केला आणि सरळ दारात जाऊन उभी राहिली.

"पैसे टाक."

"अहो, तुम्हीच म्हणालात ना..."

"म्हणाले होते. आता नाही म्हणते. खाल्लंस ना? टाक पैसे!"

रोजचे गिऱ्हाईक तोमेकिची आजोबा बिअरचा ग्लास ठेवून वळले. "काय रे, सूट घालून येतोस आणि बाईमाणसाच्या दुकानात फुकटचं गिळतोस? लाज नाही वाटत?"

सगळं दुकान हसलं. इवाकिरीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. हजाराची नोट आपटून तो म्हणाला, "वरचे ठेवा."

"का? भीक मागितली मी?" तिने दोनशे ऐंशी येन मोजून त्याच्या हातावर ठेवले. मग पावतीचे तुकडे केले आणि तेही त्याच्याच खिशात कोंबले.

"आता तुझं माझ्याकडे काही नाही, माझं तुझ्याकडे काही नाही. भूक लागली तर उद्या ये. पैसे घेऊन ये."

ती दारातून बाजूला झाली.