उपाशी ठेवलेले जिवाणू

कुमुद तांबेने चारही फ्लास्क खिडकीतल्या उन्हात धरून पाहिले. आतलं द्रावण गढूळ झालं होतं, म्हणजे जिवाणू झकास वाढले होते. पण हव्या त्या पिवळसर हिरव्या रंगाचा मागमूस नव्हता. आणि तोच रंग पाहायला मुंबईहून मुद्दाम आलेले तिचे मार्गदर्शक सावंतसर शेजारी हाताची घडी घालून उभे होते.

"दिवाळीआधी रंग आला होता, सर," ती म्हणाली.

"एकदा आला आणि रुसून बसला. अशा रुसव्याफुगव्यावर पीएच.डी. होत नाही, कुमुद. विषय बदल. कोकमावरची बुरशी घे. दुपारच्या एस.टी.ने मी निघतो."

रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या माडांच्या मुळांवरून कुमुदने हे जिवाणू वेचून आणले होते. तांबड्या मातीत लोह उदंड, पण गंजासारखं घट्ट, सहजी हाती न लागणारं. भूक लागली की हे जिवाणू सिडेरोफोर नावाचं द्रव्य बाहेर सोडतात. ते लोहाला मिठी मारतं आणि जिवाणू दोघांनाही आत ओढून घेतात. तो पिवळा-हिरवा रंग या द्रव्याचाच. म्हणून तर ती त्यांना बिनलोहाच्या अन्नावर वाढवत होती.

तेवढ्यात प्रयोगशाळेतल्या जाईबाई धुतलेल्या फ्लास्कांचा ट्रे घेऊन आल्या.

"बगा सर, कशे लकलकतायत! मुंबयला तरी आशी भांडी गावतील काय?"

कुमुदने एक फ्लास्क उचलला. आत, तळाच्या कडेला बारीक तांबूस रेघ होती. बोट फिरवलं तर बोटाला लाल पूड लागली.

"जाईबाई, हे कशाने घासता?"

"कशानं म्हंजे? तुमची ती साबणाची पावडर अगदीच मिळमिळीत. जांभा दगड कुटून वस्त्रगाळ करते नि काथ्यानं घासते. घरची पितळी भांडी आशीच घासतंव आमी. दिवाळीच्या साफसफाईपासून हितं पण तसंच. तुमीच नाय का म्हणालात, 'जाईबाई, काय चकाचक'?"

म्हणाली होती खरी. कौतुक केलं होतं, पण कशाने ते विचारलं नव्हतं. कुमुद स्टुलावर बसली आणि हसत सुटली.

"सर, मला वाटत होतं मी यांना उपाशी ठेवलंय. आणि इथे जांभ्याच्या पुडीतून रोज ताटात लोह वाढलं जातंय! भरल्या पोटी कोण हातपाय हलवेल?"

"हे तुझं अनुमान. पुरावा?"

"दोन फ्लास्क आम्लाने धुऊन त्यांतलं लोह काढून टाकते, दोन जाईबाईंच्या हातचे तसेच ठेवते. सोमवारी सकाळपर्यंत थांबा."

"सोमवार? छे, छे!"

जाईबाई पुढे झाल्या. "रत्नागिरीत येऊन गणपतीपुळ्याला न जाता जाणार? देव काय म्हणंल?"

"पुढच्या खेपेला जाईन."

"बरं. मग निदान जेवून तरी जा. आज रात्री सुरमईचं तिखलं, उद्या तळलेली."

सावंतसरांनी चष्मा काढून सावकाश पुसला. "नाही म्हणजे... प्रयोगाला पुरेसा वेळ द्यायलाच हवा."

सोमवारी आम्लाने धुतलेले दोन्ही फ्लास्क उन्हात पिवळेहिरवे झळाळत होते. जाईबाईंचे दोन नुसतेच गढूळ.

"रंग आहे," सर म्हणाले. "पण तो लोह धरतो कशावरून?"

कुमुदने थोडं झळाळतं द्रावण परीक्षानळीत घेतलं आणि त्यात फेरिक क्लोराइडचे दोन थेंब सोडले. झळाळी विझली आणि बघता बघता द्रावण तांबूस तपकिरी झालं. सरांनी नळी तिच्या हातातून घेतली, उजेडात धरली, पुन्हा धरली.

"कोकमाची बुरशी राहू दे," ते शेवटी म्हणाले. "आणि जाईबाईंचे दोन फ्लास्कही प्रबंधात घाल. त्यांच्याशिवाय तुझा मुद्दा सिद्धच होत नाही."

"बगा!" जाईबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "आणि ह्या कुमुदबाई माज्यावर हसत होत्या!"