टेमगिरे सरांसाठी खास सेट

जून उजाडला की यवतच्या बाजारपेठेत दोनच दुकानांत उभं राहायला जागा नसायची. एक बियाण्यांचं आणि दुसरं महेंद्रचं. बियाण्यांच्या दुकानात शेतकरी यायचे हे ठीकच, पण महेंद्रच्या दुकानात यायचे ते मास्तर, तेही झेरॉक्स काढायला नाही, इंग्रजीचा तयार सेट न्यायला.

सेट म्हणजे काय, तर नववी-दहावीचं वर्षभराचं पाठ-टाचण, प्रत्येक धड्याची प्रश्नोत्तरं, भिंतीवर टांगायचे तक्ते आणि घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिका, तपासण्यासाठीच्या उत्तरांसकट. सगळं कॉम्प्युटरवर टाइप केलेलं, स्पायरल बांधलेलं. मास्तरांनी फक्त टाचणावर आपलं नाव टाकायचं. काही मास्तर तेवढंही महेंद्रलाच टाकायला सांगत. दौंड आणि शिरूर, दोन्ही तालुक्यांतल्या पंचवीस-तीस शाळांत त्याचा सेट जायचा आणि त्या सगळ्या शाळांतली पोरं एकाच प्रश्नाला एकच उत्तर, एकाच स्वल्पविरामासकट लिहायची.

आता कोणी म्हणेल, त्यात वाईट काय? काहीच नाही. एखाद्या नव्या मास्तराला दिवसाला सात तास आणि वर्गात सत्तर पोरं असली की तयार साहित्याचा आधार लागतोच. सेट पुढ्यात ठेवून धडा वाचणारे, पोरांना बोलतं करणारे शिक्षक मी पाहिलेत. माझी तक्रार आहे ती सेट उघडला की पाठ्यपुस्तक मिटणाऱ्यांबद्दल. अशांत पहिला नंबर टेमगिरे सरांचा.

राहूच्या अलीकडे एक गाव आहे, तिथल्या माध्यमिक शाळेत सोपानराव टेमगिरे बावीस वर्षं इंग्रजी शिकवत होते. महेंद्र त्यांचाच विद्यार्थी, त्याच गावचा. अठ्ठ्याऐंशी साली तो नववीत असताना त्याने एका प्रश्नाचं उत्तर गाइडातलं न लिहिता स्वतःच्या वाक्यांत लिहिलं होतं. वाक्यं मोडकी होती, पण त्याची होती. सरांनी तो पेपर वर्गात मोठ्याने वाचून दाखवला. प्रत्येक वाक्यानंतर थांबून त्यांनी पोरांना हसायला वेळ दिला. मग म्हणाले, "तुमच्या वस्तीवर गाइड पोचत नाही वाटतं? साहेबरावाचं पोरगं आता इंग्रज सायबाला इंग्रजी शिकवणार." आणि त्यांनी पेपर टरकावला.

त्या हसण्यात वस्तीचं नाव होतं, बापाचं नाव होतं. महेंद्र ते विसरला नाही. पुढे तो इंग्रजी घेऊन बी.ए. झाला ते निम्मं त्या रागावरच. कुठल्या शाळेत नोकरी मिळाली नाही, तेव्हा त्याने यवतला दुकान टाकलं आणि सेट काढायला लागला. ज्या गाइडापायी वर्गात आपलं हसं झालं तेच गाइड आता आपण लिहितोय, हे त्याच्या डोक्यात यायचं. पण पोट भरत होतं आणि नाव होत होतं, म्हणून तो ते बाजूला सारायचा.

दोन हजार तीनच्या जूनमध्ये टेमगिरे सर दुकानात आले. चार मास्तरांच्या देखत महेंद्रच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "हा माझाच विद्यार्थी बरं का. मीच घडवलाय."

महेंद्रने बघितलं, सर खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. तो पेपर, ते हसणं, ती वस्ती, सगळं ते विसरून गेले होते! पंधरा वर्षं ज्या माणसाचा राग त्याने जपला, त्या माणसाच्या लेखी ती गोष्ट घडलीच नव्हती. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. "दोन दिवसांनी या सर," तो गोड आवाजात म्हणाला, "तुमच्यासाठी खास काढतो."

आणि खरोखरच त्याने खास सेट काढला, फक्त एकच प्रत. बाहेरून इतर सेटांसारखाच, आत मात्र पाच धड्यांची पाच उत्तरं साफ खोटी. सर धडा वाचणार नाहीत हे त्याला पक्कं माहीत होतं. ऑक्टोबरात शाळेची तपासणी होती. साहेब वर्गात बसतील, सर छातीठोकपणे खोटं उत्तर फळ्यावर लिहितील आणि भर वर्गात त्यांची शोभा होईल. आपल्याला जशी हसली तशी पोरं त्यांना हसतील, या विचाराने टाइप करताना त्याची बोटं नुसती पळत होती. फार दिवसांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं.

पहिल्याच धड्यात दीपगृहाच्या म्हाताऱ्या रखवालदाराची गोष्ट होती. वादळात एक होडी किनाऱ्याकडे येते, म्हातारा कंदील हलवून, शिव्या देऊन तिला परत फिरवतो. का? तर पुढे पाण्यात खडक असतात आणि होडीतली माणसं वाचावीत म्हणून. महेंद्रने उत्तर लिहिलं, म्हाताऱ्याचं होडीच्या मालकाशी जुनं वैर होतं, त्याला सूड घ्यायचा होता. मनात जे होतं तेच कागदावर उतरलं, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

त्याच नववीच्या वर्गात त्याची भाची करुणा होती. बहीण माया शिरूर तालुक्यात दिलेली, तिच्या गावात शाळा सातवीपर्यंतच, म्हणून पोरगी आजोळी शिकायला होती. महेंद्र तिला विसरला होता असं नाही. उलट त्याने तिचाही हिशेब धरला होता. करुणा धडे स्वतः वाचते, तिला खरं उत्तर येणारच, मग ती भर वर्गात सरांना खोटं पाडेल आणि मजा आणखी वाढेल. आपल्या रागासाठी आपण चौदा वर्षांच्या पोरीला पुढे करतोय, हे काही त्याला दिसलं नाही. राग चढला की चांगल्या माणसालाही असं दिसेनासं होतं.

ऑगस्टात घटक चाचणी झाली. त्यानंतर आठवडाभर करुणा घरी गप्प गप्प होती. महेंद्रने एकदोनदा विचारलं, तिने काही सांगितलं नाही.

एका संध्याकाळी तो दुकान बंद करून घरी आला तर ती ओट्यावर बसून पाठांतर करत होती. डोळे मिटलेले, अंग मागेपुढे हलतंय. म्हाताऱ्याचं जुनं वैर होतं, त्याला सूड घ्यायचा होता. इंग्रजीतलं तेच वाक्य, त्याने लिहिलेलं, पुन्हा पुन्हा.

महेंद्र मोटारसायकल लावायची विसरला.

"करुणा, हे चुकीचं हाय. धड्यात खडकांचं दिलंय."

"माहिताय मामा," ती डोळे न उघडता म्हणाली. "मी वाचलाय धडा."

"मग हे कशाला पाठ करती?"

तिने मांडीवरची वही मिटली आणि सगळं सांगितलं. धडा शिकवताना तिने हात वर केला होता. सर म्हणाले, सेटात आहे ते लिही, शहाणपणा नको. चाचणीत तिने खडकांचंच लिहिलं. सरांनी पाचपैकी शून्य दिलं, पेपर सगळ्यांना वाचून दाखवला आणि तास संपेपर्यंत तिला व्हरांड्यात उभं केलं. येणारेजाणारे बघत होते. पुढच्या वर्षी दहावी, तेही सरच शिकवणार.

"आता मी न्हाई वाचणार धडा," ती म्हणाली. "वाचलं की खरं कळतं आन् मग तसं लिवावंसं वाटतं. नुस्ता सेट पाठ केलेला बरा."

वाचकहो, महेंद्रला त्या दिवशी जो मार बसला तो पंधरा वर्षांपूर्वीच्या पेपरापेक्षा मोठा होता. ज्या पोरीला इंग्रजी वाचायला त्यानेच शिकवलं होतं, तिने वाचायचं सोडलं होतं. टेमगिरे सर मजेत होते. व्हरांड्यात उभी राहिली ती करुणा!

आतल्या खोलीत साहेबराव बसले होते. महेंद्रचे वडील, कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत एकोणीस वर्षं पॅकिंगला होते, आता घरीच असत. महेंद्रने त्यांच्यासमोर बसून सगळं कबूल केलं, पण कबूल करतानाही त्याचा राग उतरला नव्हता. सरांनी पोरीचं काय केलं बघा, असंच तो म्हणत राहिला.

साहेबरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी कंपनीतली एक हकिगत सांगितली. पॅकिंगच्या एका गड्याचं सुपरवायझरशी बिनसलं होतं. सुपरवायझरला मेमो मिळावा म्हणून त्याने चार ड्रमांवर मुद्दाम दुसरीच लेबलं लावली. साधं पावडरीचं लेबल, आत जाळणारी चीज. सुपरवायझर त्या ड्रमांच्या जवळही गेला नाही. गाडीवरच्या एका बिहारी हमालाने साधा माल समजून सांडलेलं हाताने सारलं आणि त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

"त्या हमालाचं आन् सुपरवायझरचं काय नातं व्हतं?" साहेबराव म्हणाले. "कायबी न्हाई. राग कुणावर धरायचा ते तुझ्या हातात हाय. ड्रम कोण उघडंल ते तुझ्या हातात न्हाई."

"पन आबा, त्यानं मला..."

"मला ठावं हाय त्यानं काय केलं. माझं नाव घिऊन केलं. तुला राग आला, मला आला नसंल व्हय?" म्हातारा पहिल्यांदाच आवाज चढवून बोलला. "पन त्याला काय सांगायचं ते त्याच्या तोंडावर सांगायचं. पोरांच्या वहीत कशाला लिवलं? आन् कंपनीनं काय केलं माहिताय का? चारी ड्रम वाटंतनं माघारी आनले. तू तुझा माल माघारी आन."

"सगळ्या तालुक्यात बोभाटा हुईल. माझा सेट कोन घील मग?"

"न्हाई घेतला तर न्हाई," साहेबराव म्हणाले, आणि जेवायला उठले.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता महेंद्र नववीच्या वर्गाच्या दारात उभा होता. टेमगिरे सरांनी त्याला कौतुकाने आत घेतलं आणि मुलांना सांगितलं, तुम्ही जी उत्तरं लिहिता ती या महेंद्रची, हा माझाच विद्यार्थी.

महेंद्र फळ्याजवळ गेला. 

"सर, तुमच्या सेटातली पाच उत्तरं मी मुद्दाम खोटी लिहिली. तुमची फजिती व्हावी म्हणून. चूक माझी आहे आणि मी ती या सगळ्या मुलांसमोर मान्य करतो. पण करुणाने लिहिलं होतं ते खरं होतं. तिचे पाच मार्क तिला द्या."

सरांचा चेहरा पांढरा पडला. "माझी फजिती? मी तुझं काय वाईट केलं रे?"

तेव्हा महेंद्रने अठ्ठ्याऐंशी सालचं सगळं सांगितलं, वस्तीचं आणि बापाचं नाव घेतलं होतं तेसुद्धा. सर बराच वेळ आठवत राहिले. "मला आठवत नाही रे," ते अखेर म्हणाले. मग टेबलावरचा सेट चाळत, खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "मग... बरोबर उत्तरांचा सेट कधी देतोयस?"

या माणसाला एवढंच सुचावं? महेंद्र एक पाऊल पुढे झाला. तेवढ्यात करुणा जागेवरून उठली, पुढे आली आणि तिने आपलं पाठ्यपुस्तक सरांच्या टेबलावर उघडून ठेवलं. "सर, आज धडाच वाचू या का?"

आता नाही म्हणायला वाट नव्हती. सरांनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली. पहिली दोन वाक्यं बरी गेली. तिसऱ्यात ते अडले. एक शब्द दोनदा चुकीचा उच्चारला, मग गाळून पुढे गेले, पुन्हा अडले. महेंद्रला गावात ऐकलेलं आठवलं. सरांची मूळ नेमणूक भूगोलाची. इंग्रजीला माणूस मिळेना म्हणून तो विषय त्यांच्या गळ्यात मारलेला. त्याचा अर्थ त्याला आत्ता कळला, बावीस वर्षं हा माणूस भीत होता आणि ती भीती गाइडाआड, सेटाआड आणि पोरांवर हसण्याआड लपवत होता.

मागच्या बाकावरून पृथ्वीराज फिसकन हसला. त्याच्या शेजारचाही हसला. पुढच्या क्षणी सगळा वर्ग हसणार होता. पंधरा वर्षं महेंद्रने याच हसण्याची वाट पाहिली होती, आणि आता ते फुकटात, अगदी हातात आलं होतं.

"हसायचं नाही," महेंद्र जोरात म्हणाला. "अडलं म्हणून या वर्गात कुणालाच हसायचं नाही. इथून पुढं कवाच न्हाई."

पोरं गप्प झाली. करुणाने अडलेला शब्द हळू सांगितला. सरांनी तो तिच्यामागे म्हटला आणि पुढे वाचू लागले. खडकांचं वाक्य आलं तेव्हा ते थांबले, ते वाक्य त्यांनी पुन्हा एकदा वाचलं आणि कपाटातून करुणाचा पेपर काढून शून्य खोडलं.

महेंद्रने सरांना माफ केलं का? नाही. वस्तीचा अपमान पाच मार्कांत फिटत नाही आणि त्याने तसं सरांना तोंडावर सांगितलं. पण त्या दिवसानंतर त्याने सेटातली उत्तरांची पानं काढून टाकली. प्रश्न ठेवले, तक्ते ठेवले, पोरांना आपसांत बोलायला लावणाऱ्या चिठ्ठ्या घातल्या. खाली एकच ओळ लिहिली, उत्तर धड्यात आहे, आणि दोन मुलांचं उत्तर वेगळं असेल तर दोघांनाही ऐकून घ्या. पुढच्या जूनमध्ये निम्मे मास्तर फिरकले नाहीत. टेमगिरे सर आले. सेट घेतला आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून, पहिल्या धड्यातल्या सहा शब्दांचे उच्चार महेंद्रकडून देवनागरीत लिहून नेले.

शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, तयार साहित्य जरूर घ्या, पण वर्गात नेण्याआधी धडा वाचा, आणि येत नसेल तर येत नाही म्हणा. आणि ज्यांच्या मनात महेंद्रसारखा जुना राग आहे, त्यांना सांगतो, तुमचा राग खरा आहे, तो गिळू नका. ज्याने अन्याय केला त्याच्यापुढे उभे राहून, नाव घेऊन बोला. पण तो राग शाळेच्या दारातून आत नेऊ नका. आत तुमचा वैरी एकटा नसतो. त्याच्यासमोर पंचावन्न पोरं बसलेली असतात आणि आपण जे लिहून देऊ ते ती खरं मानून डोळे मिटून पाठ करतात.