पानात माणूसच नाही

भास्करराव चाळीस वर्षं धारच्या एका सरकारी कचेरीत इंग्रजी टिपणं लिहीत होते. त्या चाळीस वर्षांत त्यांनी एकदाही 'मी केलं' असं लिहिलं नाही. लिहायचं कशाला? 'असे करण्यात आले' म्हटलं की झालं. चौकशी आलीच तर बोट दाखवायला माणूस सापडत नाही. या कलेचा त्यांना कोण अभिमान! निवृत्त होऊन देवासला मुलाकडे आले, तरी घराबाहेर जाणारा प्रत्येक इंग्रजी कागद त्यांच्या नजरेखालून जायचा.

सून रुची इंग्रजीत एम.ए. झालेली. गावातल्या एका शाळेत इंग्रजीच्या शिक्षिकेची जागा निघाली होती आणि ती तिला अगदी मनापासून हवी होती. शाळेनं अर्जासोबत इंग्रजीत एक पान मागितलं होतं: वर्गात तुमच्या हातून झालेली एक चूक, आणि पुढं काय केलंत. रुचीनं सरळ लिहिलं, 'मी चुकीचा धडा शिकवला. दुसऱ्या दिवशी मी मुलांची माफी मागितली.'

"मामंजी, बाजारात निघालाच आहात तर शाळेत लिफाफा द्याल?"

भास्कररावांनी सवयीनं वाटेत लिफाफा उघडला आणि पान वाचलं. अहो, हा अर्ज की कबुलीजबाब! नोकरी मागायला निघाली आणि स्वतःच्या हातानं फास लावून घेते! ते तडक टायपिंगच्या दुकानात शिरले, पान आपल्या पद्धतीनं नव्यानं लिहिलं आणि टायपिस्टपुढं ठेवलं.

"भिया, जरा ये पन्ना टाइप कर दे."

'चुकीचा धडा शिकविला गेला. खेद व्यक्त करण्यात आला.' वा! आता 'मी' औषधालासुद्धा उरला नाही. खुशीत त्यांनी लिफाफा शाळेत दिला. घरी मात्र चकार शब्द काढला नाही.

आठवड्यानं रुची मुलाखतीहून परतली ती रडवेली होऊन.

"मुख्याध्यापिका मॅडम म्हणाल्या, चूक कुणी केली? माफी कुणी मागितली? तुमच्या पानात माणूसच नाही! मामंजी, कुछ समझ ही नहीं आया. मीच भलता कागद घातला असेल. इतकी कशी वेंधळी मी? सोमवारी दुसऱ्या कुणाला तरी घेणार बहुतेक."

'कागद बदलला गेला असावा.' वाक्य भास्कररावांच्या जिभेवर तयार होतं. पण पोर डोळे पुसत स्वतःलाच दोष देत होती. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी बदलला," ते म्हणाले.

"तुम्ही? मला न विचारता?"

"न विचारता. मी नको तो शहाणपणा केला."

"हद्द झाली, मामंजी!" रुची ताडकन उठून आत गेली.

त्यांची बायको कमल हे सगळं ऐकत होती. "आता बसून काय राहिलात? घ्या की ते पेन," ती म्हणाली.

त्यांनी इंग्रजीत लिहायला घेतलं. 'मी सुनेचा लिफाफा उघडला. मी तिचं पान बदललं. तिला हे ठाऊक नव्हतं. मी क्षमा मागतो.' इवल्याशा चार वाक्यांना तासभर लागला. दर 'मी'पाशी हात अडायचा. मग त्यांनी आत जाऊन कागद रुचीपुढं धरला.

"तपासून दे."

त्या घरात असं कधी घडलं नव्हतं. रुचीनं दोनदा वाचलं. रागावलेली होती, तरी तिला हसू आलं.

"इसमें कुछ नहीं बदलना," ती म्हणाली, आणि वहीतून फाडून आपलं मूळ कच्चं पान तिनं त्याला जोडलं.

सोमवारी सकाळी दोघं स्कूटरवरून शाळेत गेली. मॅडमनी दोन्ही कागद वाचले, चष्मा काढला आणि रुचीला विचारलं, "कधीपासून येताय?"

परतताना रुची स्कूटर चालवत होती. चौकात थांबल्यावर तिनं मान वळवली.

"मामंजी, पहिल्या तासाला तुमचं पत्र फळ्यावर लिहू? विचारतेय हं, विचारल्याशिवाय नाही लिहिणार."

भास्कररावांना इतका आनंद बढतीच्या दिवशीही झाला नव्हता.

"लिही," ते म्हणाले. "आणि खाली माझं नाव लिहायला विसरू नकोस."