आगीशी बोलायची रीत

लकडगंजातल्या कूलरच्या कारखान्यात मे हा तक्रारींचा महिना, आणि तक्रारींचा फोन धम्मानंदाच्या टेबलावर होता. अनोळखी माणसांचे संतापलेले आवाज दिवसभर त्याच्या मनात साचत. त्याला हवे होते मागचे गोदाम; तिथे वाळ्याचा मंद गंध होता आणि कुणी कुणाशी फारसे बोलत नसे.

परवा कारखान्यात स्वभावांवर प्रशिक्षण झाले. शिकवणाऱ्या बाईंनी मालकीण कुंदाताईंना ‘आग’ ठरवले आणि धम्मानंदाला ‘पाणी’. आगीशी थेट, ठणकावून बोलावे, हे त्याने मनावर कोरून घेतले.

आज तो केबिनमध्ये शिरला, डोळे मिटले आणि गरजला, “ताई! मले गोदामात पाठवा! आत्ताच!”

बाहेरची ठोकाठोक थांबली. एरवी आवाजाने पत्रे हादरवणाऱ्या कुंदाताई चक्क कुजबुजल्या, “बस बाळा. थंडं पाणी घेतं का?”

“नाही! गोदाम!”

“सावकाश सांग, बाळा...” आणि तेवढ्यात त्यांचा धीर सुटला. “अबे, बोंबलून काहून राहिला गा? पाण्याशी हळू बोला म्हणे, म्हणून मी मघापासून घसा दाबून राहिली!”

“तुमी आग आहा ना, ताई,” तो पुटपुटला.

ताई खदखदून हसल्या. मग नवी मोटर पारखावी तसे त्यांनी त्याच्याकडे पाहिले.

“असा आवाज गोदामात सडवू का? फोनवरच राह्य. एखादा लय तापला, का हाच आवाज काढजो.”

धम्मानंदाने निमूट मान डोलावली. नाही म्हणण्यापुरताही आवाज आता त्याच्याकडे उरला नव्हता.