प्लास्टरची नदी

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. पण भिंतीवर लटकणारा कागदी नव्हे. मी टेबलाएवढा, प्लास्टरचा, उठावाचा नकाशा आहे. माझ्या अंगावर डोंगर आहेत, ओढे आहेत आणि त्या सगळ्या ओढ्यांना पोटात घेऊन उतरणारी एक नदी आहे. जेवढ्या जमिनीवरचे पाणी त्या एका नदीला मिळते, तेवढी सगळी जमीन म्हणजे मी. तिला पाणलोट क्षेत्र म्हणतात. नाव भारदस्त आहे, एवढेच.

ज्या कारागिराने मला घडवले, तो आधी सगळा नदीकाठ पालथा घालून आला होता. काम संपल्यावर त्याने झारीने माझ्या डोंगरांवर पाणी ओतले. ते ओढ्याओढ्यांतून बरोबर नदीत उतरले, तेव्हा तो स्वतःवरच खूश होऊन हसला. मग मी नदीखात्याच्या कचेरीत आलो. शाळेतली मुले यायची, झारी धरायला भांडायची. फार लाड झाले माझे.

सफाईवाल्या मावशी मला रोज पुसायच्या. नदीच्या वळणावर, सखल भागात, त्यांची गल्ली होती. बोटाच्या पेराएवढी घरे. तिथे त्यांचा हात हलका व्हायचा. "हे आमचं घर बरं का," त्या पुटपुटायच्या. "आत सासूबाई झोपून असतात. धक्का नको लागायला." त्या घरावर माझाही जीव जडला.

पुढे कचेरीतल्या साहेबांच्या डोक्यात नौकाविहार शिरला. वळणाच्या अलीकडे एक मोकळे रान होते. पूर आला की पाणी तिथे पसरायचे आणि दमून शांत व्हायचे. त्या रानाला भिंत घालायची, आत तळे करायचे, काठावर बाके आणि होड्या ठेवायच्या, असे ठरले. पाहुण्यांना दाखवायला साहेबांनी माझ्यावर मातीची भिंत लावली आणि ऐटीत झारी वाकडी केली.

पाणी आले. पसरायला जागा मिळेना, तेव्हा ते सरळ मावशींच्या गल्लीत शिरले. मी आणखी काय सांगायला हवे होते?

"हे इकडे कसं आलं हो?" एका पाहुण्याने विचारले.

"अहो, जुनं मॉडेल आहे. उतार चुकलाय कुठेतरी," साहेब म्हणाले. "मावशी, जरा फडका मारा इथे."

मावशी धावत आल्या. पाहुण्यांसमोर ओले राहिले म्हणून त्याच ओशाळल्या. त्यांनी आपल्याच गल्लीतले पाणी घाईघाईने टिपून घेतले. "झालं साहेब. कोरडं केलं." पाहुणे चहाकडे वळले.

त्यानंतर माझ्यावर कोणी पाणी ओतले नाही. नदीत चकचकीत निळा रंग भरला आणि वर काचेचे झाकण बसवले. खरे तळेही झाले. लोक होडीत बसून फोटो काढू लागले. साहेबांचे कौतुक करताना लोक थकेनात.

पुढच्याच पावसाळ्यात पूर आला. मावशी बऱ्याच दिवसांनी कामावर आल्या, तेव्हा शिपायाला सांगताना मी ऐकले. सासूबाईंना खाटेसकट उचलेपर्यंत पाणी छातीला लागले होते. त्या वाचल्या नाहीत. गल्लीतल्या उरलेल्या लोकांना गावाबाहेर हलवले. साहेबांनी रंगाऱ्याला बोलावून माझ्यावरची ती घरे खरवडून काढली आणि तिथे हिरवा रंग दिला. आता तिथे बाग होणार आहे म्हणे.

मावशी अजून माझी काच पुसतात. परवा खोलीत कोणी नव्हते. हिरव्या तुकड्यावर त्यांचा हात थांबला. "तू दाखवत होतास रे," त्या म्हणाल्या. "मीच पुसलं."

त्यांनी नाही पुसले, मित्रांनो. त्यांच्याकडून पुसून घेतले. पण माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. माझ्यासारखा नकाशा कुठे दिसला, तर त्याचे झाकण काढायला लावा आणि डोंगरावर पाणी ओता. ते जिथे साचेल, तिथे कोण राहते ते विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत कोणालाही फडका आणू देऊ नका.