पितरअप्पाची लाल हळद

भालकी-उदगीर रस्त्यावरच्या आमच्या गावात दोन महिन्यांपूर्वी उसाचे ट्रॅक्टरसुद्धा थांबले, कारण अंगातले पितर सोडवणारे पितरअप्पा आले होते. समाजमंदिरात पुरुषांची ही गर्दी! प्रत्येकाच्या तळहाताला हळद लावायची आणि अप्पांनी तांब्यातलं मंतरलेलं पाणी शिंपडायचं. हळद लाल झाली की कुळातला पितर अंगात अडकलाय म्हणून समजायचं. मग अप्पा हातावर लिंबू पिळत, हळद पुन्हा पिवळी होई आणि पितर सुटला म्हणून लोक टाळ्या पिटत. एकाचीही हळद लाल झाल्यावाचून राहिली नाही. आमच्या गावात इतके पितर अडकलेत हे जनगणनेवाल्यांनाही ठाऊक नव्हतं.

मी मुकुंदराव, निवृत्त मास्तर. गेलो होतो शेजारच्या राघोबासाठी. त्याचं वय बावन्न. वडील प्रोस्टेट ग्रंथीच्या कॅन्सरनं गेले आणि महिनाभर आधीच थोरले भाऊ अंकुशराव यांनाही तोच निघाला. बिदरच्या डॉक्टर श्रीलक्ष्मींनी राघोबाला बजावलं होतं, "तुम्हीही रक्ताची पीएसए तपासणी करून घ्या." गडी महिनाभर टाळत होता, आणि आज इथे रांगेत पहिला!

"राघोबा, रक्त कामून देईनास?"

"मला काईच तरास न्हाई, मास्तर. अन् हे दुखणं पितराचं हाय. आधी बाप, आता अंकुशअण्णा. अप्पा माझ्यावर येऊच देणार न्हाईत."

अप्पांचे कान तिखट. "सुई टोचली की पितर चवताळतो, बेटा! बाप, आजा, पणजा, तिघंबी बसलेत तुझ्यात!" पाणी पडलं आणि राघोबाचा तळहात लालभडक झाला. तो अप्पांच्या पायाशी वाकला.

मी त्याला बाहेर ओढायला पुढं झालो. तेवढ्यात राघोबाची बायको सत्यभामाबाई गर्दीतून घुसल्या.

"अप्पा, तुमच्याबी अंगात कोण हाय बघू की!" म्हणत त्यांनी मूठभर हळद अप्पांच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर फासली आणि तांब्या वर उपडा केला. धोतर मांडीपासून घोट्यापर्यंत लाल!

"धुण्याचा सोडा हाय ह्यात," त्या म्हणाल्या. "तीस वर्सं लग्नातली हळदीची धोतरं धुतली मी. सोडा लागला की डाग लाल, लिंबू लागलं की पिवळा. पितर धोतरात बी ऱ्हात्यात व्हय?"

"गंगाजल हाय ते!" ओरडत अप्पा ओलं धोतर सावरत जीपकडे पळाले. शाळेत हाच प्रयोग मी पोरांना दरवर्षी दाखवायचो. ऐनवेळी आठवला नाही, याची मला फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बिदरला गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "आईच्या माहेरी कुणाला कॅन्सर?"

"आईकडचं कामून? कूळ बापाचं असतंय," राघोबा म्हणाला.

"माझा बाप ह्याच दुखण्यानं गेला की," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"सासऱ्याचं काय मोजायलीस?"

"सासरा नंतर. आधी तुमच्या आईचा सख्खा भाऊ न्हवं का?"

आमच्या भागात मामाची मुलगी करतात. पठ्ठ्यानं लग्नानंतर मामाला सासरा करून टाकलं होतं आणि रक्ताच्या नात्यातून साफ वगळलं होतं.

"धोका दोन्हीकडून येतो," डॉक्टर म्हणाल्या. "घरातल्या बायकांचा स्तनाचा कॅन्सरसुद्धा सांगायचा, कारण दोन्हींचं आनुवंशिक मूळ एकच असू शकतं. पीएसए वाढलं म्हणजे कॅन्सरच, असं नसतं, पण पुढं तपासावं लागतं. सुरुवातीला त्रास होत नाही, म्हणून वाट बघू नका. तुमच्या मुलाला, धनराजला, तर दोन्हीकडचं आहे. त्यानं चाळिशीतच येऊन बोलायचं."

राघोबानं रक्त दिलं, तर पीएसएचा आकडा वाढलेला निघाला. पुढच्या तपासण्यांत लहानशी गाठ सापडली, अजून बाहेर न पसरलेली. उपचार चालू आहेत आणि डॉक्टर म्हणतात, वेळेत आलात. त्या दिवशी पिवळा हात घेऊन तो समाधानानं घरी गेला असता, तर ही गाठ कुणाला कळलीच नसती.

तेव्हा बापहो, घरात कुणाला हा कॅन्सर झाला असेल तर लाजू नका. बापाकडची आणि आईकडची, दोन्ही नाती डॉक्टरांना सांगा आणि तपासणी कधी करायची ते विचारा. पितरांचं देणं रक्तातून येतं. ते बघायला रक्तच द्यावं लागतं.